व्हर्नाने गायलेलं बारावं गाणं

केंटकीच्या डोंगरात डेल्मर स्टिडहॅमला सगळे ओळखत, पण त्याचं नाव कधी पोस्टरवर आलं नव्हतं. चाळीस वर्षं तो दारूच्या गुत्त्यांत दुसऱ्यांच्या मागे उभा राहून गिटार वाजवत होता. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्याने ठरवलं, आता स्वतःचा अल्बम काढायचा. डोंगरात वीज यायच्या आधीची गाणी, नुसत्या बँजोवर.

रेकॉर्डिंगला शहरातून टॉबिन नावाचा माणूस आला. चर्चच्या हॉलमध्ये नेमकं लग्न होतं, म्हणून माइक मांडले ते थोरल्या बहिणीच्या, व्हर्नाच्या स्वयंपाकघरात. तिने कोपऱ्यात बसून घेवडा निवडायचा आणि तोंड उघडायचं नाही, असं ठरलं.

डेल्मरने नदीत बुडवून मारलेल्या पोरीचं गाणं धरलं. डोळे मिटून, इतकं संथ आणि रडवेलं की टॉबिनलाही गहिवरून आलं.

"अशानं तिला नदीपर्यंत पोचायलाच संध्याकाळ होईल," व्हर्ना म्हणाली.

डेल्मर थांबला. शोकगीत आहे हे, असं त्याने तिला बजावलं.

"शोकगीत कसलं? आई कोंबडीची पिसं उपटताना म्हणायची हे. आणि पाद्र्याचं कडवं कुठं गिळलंस?"

ते चावट कडवं त्याने मुद्दामच गाळलं होतं. अल्बम चार सभ्य माणसं ऐकणार होती. व्हर्नाने मांडीवरचं पातेलं खाली ठेवलं, टेबलावर ठेका धरला आणि पाद्र्यासकट सगळं गाणं दणक्यात म्हणून टाकलं. डेल्मरची बोटं नाइलाजाने तिच्यामागे धावली. टॉबिनने यंत्र बंद केलंच नव्हतं.

अल्बम निघाला. कव्हरवर डेल्मर, आत डेल्मरची अकरा गाणी. आणि लोक ऐकत होते ते टॉबिनने शेवटी घातलेलं व्हर्नाचं बारावं. रेडिओवर तेच, पेट्रोल पंपावर तेच. तीन आठवडे तो बहिणीकडे फिरकला नाही. मग गावच्या जत्रेतून दोघांना बोलावणं आलं. तो नाही म्हणणार होता, पण व्हर्नाने परस्पर होकार कळवून टाकला होता.

जत्रेत ती एप्रनसकट स्टेजवर चढली, खुर्चीत बसली, एक कडवं म्हणाली आणि एवढी माणसं बघून पुढचं साफ विसरली. मागे बँजो घेऊन बसलेला डेल्मर क्षणभर सुखावला, अगदी मनापासून. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि कानात शब्द सांगू लागला.

"पुटपुटतोस काय? गा की," ती माइकमध्येच म्हणाली.

तो गायला. दोघांचा सूर एकदाही जुळला नाही, आणि लोकांनी ते गाणं त्यांना तीनदा म्हणायला लावलं.