केळीच्या चिकाचा डाग

कच्च्या केळीचा घड कापला की दांड्यातून जो चीक ठिबकतो, त्याला तुरट, ओलसर, किंचित लोखंडासारखा वास असतो. स्पिरिटने पुसलेल्या रक्तपेढीच्या जिन्यात तो वास मास्कमधूनही मला आधी जाणवला, आणि त्याच्या मागोमाग मुकादम आबा वर आले. अंगातला सदरा मुळात पांढरा असावा. आता त्यावर काळ्या-तपकिरी डागांचा नकाशा उमटला होता. माझी नजर ओळखून ते म्हणाले, "चीक शे, माय. निंघताना पानीसारखा निंघस, पन धुईसन जात नई. सदरा फाटस, डाग राहस."

आबा चोपड्याकडचे, केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. आमची ना ओळख, ना नाते. करोनाच्या त्या पहिल्या वर्षी माझे वडील, धुळ्याचे निवृत्त चित्रकला-शिक्षक, जळगावच्या रुग्णालयात न्यूमोनियाने पडून होते. दोन्ही फुप्फुसे भरली होती. "या आजारातून बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा देऊन पाहू, खात्री मात्र देत नाही," असे डॉक्टर म्हणाले. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. वडिलांच्या रक्तगटाच्या, नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसांना मी फोन करत सुटले. सगळे घाबरलेले होते. अंगातले काही काढून दिले तर आजार उलटेल, असे त्यांना वाटे. एकाने तर बायकोकडून 'ते गावाला गेले' असे सांगवले, आणि मागे त्याचाच खोकला ऐकू येत होता.

आबांनी एवढेच विचारले, "कोनाले पाहिजे?"

"वडिलांना."

"तू जेवनी का?"

मी रक्तपेढीचा पत्ता सांगू लागले.

"जेव. मी येसू."

पुढे त्यांचा प्रत्येक फोन याच प्रश्नाने सुरू व्हायचा. त्याचे खरे उत्तर मिळेपर्यंत ते दुसरे काही बोलत नसत.

रक्तपेढीतल्या यंत्राशी मात्र त्यांचे भांडण झाले. यंत्र रक्त ओढून घेते, त्यातला पिवळा प्लाझ्मा वेगळा ठेवते आणि तांबड्या पेशी दात्याच्या अंगात परत सोडते. नळीतून लाल धार माघारी येताना दिसली आणि आबा उठू लागले. "हाई काय? देल वस्तू कोनी वापस लेस का? ठेवा, बठ्ठं ठेवा!" तंत्रज्ञ मुलीने हसत त्यांना परत निजवले. पण अपमान झाल्यासारखे तोंड करून ते शेवटपर्यंत भिंतीकडे पाहत राहिले. नंतर तिथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना बिस्किटे आणि एक केळे मिळाले. त्यांनी केळे उलटसुलट करून पाहिले, देठाशी हुंगले आणि अदबीने ताटलीत परत ठेवले. "घाईमा पिकाडेल शे," ते म्हणाले. त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

दोन पिशव्या भरल्या. ऊन गाळून भरावे तसा त्यांचा रंग होता. वडिलांना त्या एकामागून एक, दोन दिवसांत चढवल्या. तिसऱ्या दिवशी नर्सने फोन त्यांच्या तोंडापाशी धरला. धापेतून शब्द वेचत त्यांनी विचारले, "कोणी दिलं?" मी आबांचे सांगितले. "त्यांना जेवायला बोलाव," वडील म्हणाले. मी आशेला लागले. सहाव्या दिवशी पहाटे ते गेले.

त्या काळात कोणी कोणाच्या दारी जाऊ शकत नव्हते. मी आबांना कळवले. त्यांनी फोन ठेवला, आणि नंतर तो लागेना. आठव्या दिवशी त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, तो उचलला. "वट्टावर घोंगडी टाकीसन बठेल शेतस," त्या वैतागून म्हणाल्या. "दाढी नई, गोड नई, कापनीवर जात नई. बठ्ठं गाव हासस, पन आयकतीन ते ना!"

आबा माझ्या वडिलांचे सुतक पाळत होते.

"आबा, तुम्हाला कशाचं सुतक?" अक्कांनी फोन त्यांच्या हाती दिल्यावर मी विचारले.

"मनं रगत त्यासना आंगमा व्हतं ना? मंग मी परका कसा?" मग अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मनं कमी पडनं का व, माय?"

पुढे काही महिन्यांनी वाचनात आले की, रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांना प्लाझ्माचा फारसा उपयोग होत नाही, असे तपासाअंती दिसले आहे. माझ्यापुरती ती बातमी कडू होती. पण मी ती लगेच आबांना सांगितली. "तुमचं कमी पडलं नाही, आबा. त्या उपचारातच तेवढा जोर नव्हता."

"डाक्टर लोके मोजतस, ते बराबर व्हई," ते विचार करत म्हणाले. "पन मी कम नई दिधं ना?"

"नाही, आबा."

"मंग बरं." एक लांब श्वास ऐकू आला. "जेवनी का?"

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते आणि तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, मुऱ्हाळी म्हणून. दरवर्षी वडील धुळ्याहून पहिल्या एसटीने जळगावला माझ्या सासरी येत. खांद्यावरच्या पिशवीतून चित्रांची वही डोकावत असे. करोनाचे निर्बंध उठल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला धुळ्याच्या घराला कुलूप होते. गल्लीतल्या सुना एकेक करून रिक्षांत बसून जात होत्या. मी वडिलांच्या नावाने घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवले आणि ओल्या मातीच्या वासापाशी नुसती बसून राहिले.

त्या वासात दुसरा एक वास मिसळला. तुरट, ओलसर, किंचित लोखंडासारखा.

आबा दारात उभे होते. सदरा तोच होता, इस्त्री केलेला, डागही तेच. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच घागरीला हात जोडले. शेजारच्या काकूंनी कुतूहलाने विचारले, "पाहुणे कुठले?"

"हिना माहेरना," आबा म्हणाले.

मी कशीबशी उठले. "आत या, आबा. पाणी तरी घ्या."

त्यांनी मान हलवली, माझ्यासाठी वाट सोडून ते बाजूला सरकले आणि म्हणाले,

"चाल."