डब्यात मावेल असा एडिटर

आता लाजून काय करायचं, सांगूनच टाकतो. आमच्या केशोरी गावात इंग्रजी समजणारा पहिला म्हातारा मीच! चौथीत असतानाच शाळेनं अन् मी एकमेकांना रामराम केला, ती गोष्ट वेगळी. पण 'एडिटर' म्हणजे काय, हे न समजायला मी काय खुळा आहे? ऐका तर.

माझी पुतणी हेमलता इंजिनिअर. तिनं आमच्या शेतातल्या मोटरीला एक डबा जोडला. साबणाच्या वडीएवढा, पण आत म्हणे अख्खा कॉम्प्युटर! तो सांगेल तेव्हाच मोटर सुरू. मीही तोऱ्यात जुना स्टार्टर उपटून भंगारात दिला. अन् त्याच आठवड्यात डब्यातली वेळ चुकली! मोटर ठप्प, वर ऊन, अन् धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, पिवळे पडू लागले. रोवणीला रोपंच नाही उरली, तर बांधीच्या चिखलात लावायचं काय? माझ्या मिशा?

हेमू मोटरीजवळ मांडीवर लॅपटॉप घेऊन फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अरे, वेळ बदलायला डब्यात एडिटरच नाही! लॅपटॉपवरचा इथं चालत नाही, या डब्याची भाषाच वेगळी. अन् लहान पाहिजे. मोठा मावत नाही."

हात्तिच्या! एवढंच ना? मी गाडीला किक मारली.

एडिटर म्हणजे पेपरवाला, हे शेंबडं पोरही सांगेल. गोंदियाचे पेपरवाले हिंदी झाडणारे. त्यांचं डब्याला काय समजणार? डबा आमच्या शेतातला, त्याला आमची झाडीबोली बोलणाराच पाहिजे. अर्जुनीत धनलालभाऊ साप्ताहिक काढतात. बोली अस्सल, अन् उंची म्हणाल तर उभे राहिले तरी बसल्यासारखे दिसतात. आणखी काय पाहिजे?

"मले नेता तरी कायले जी?" गाडीवर मागून त्यांनी तीनदा विचारलं.

"वेळ बदलवाची आहे."

"कोणाची?"

"मोटरीची."

त्यांनी मागून माझा खांदा घट्ट धरला. मला वाटलं, समजलं!

हेमूसमोर त्यांना उभं केलं. "घे वं बाई! लहानात लहान एडिटर. आपल्याच भाषेतला. बसव कुठं बसवाचा तं."

"मोठेबाबा, हे कोण?"

"मी संपादक," धनलालभाऊ म्हणाले. मग डब्याकडे पाहून दोन पावलं मागं सरकले. "पण बाई, याच्यात माहा अंगठाबी नाही जाणार."

हेमूनं कपाळ धरलं. "मोठेबाबा! एडिटर म्हणजे लिहिलेलं बदलायचं सॉफ्टवेअर. ते मी लॅपटॉपवर बनवून राहिली, पण चालणार डब्यावर. याले क्रॉस कंपाइल म्हणतात."

"क्रॉस? जर्सी गाईसारखा?"

"चूप बसा न जी!"

बसलो. तिनं टकटक केलं, वायर खुपसली, डब्यात कोणीतरी न दिसणारा शिरला म्हणे, वेळ बदलली, अन् धडधड करत मोटर सुरू! पाणी पाटातून पऱ्ह्यात शिरलं. आत कोण गेलं, बाहेर कोण राहिलं, मला आजपर्यंत पत्ता नाही.

पण मान का सोडायचा? म्हटलं, "धनलालभाऊ, आलेच आहा तं बातमी लिहा. पऱ्हे कोणी वाचवले, ते मोठ्या अक्षरात!"

त्यांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण दातानं उपटलं. "लिहून राहिलो न जी. 'पऱ्ह्यायले पाणी भेटलं, बुढ्याचं डोस्कं कोरडंच!'"