घाटात रडणारी गाडी

खेडच्या घाटात एक गाडी रडते, असं चिंचवड स्टेशनच्या स्टँडवरचे टॅक्सीवाले सांगायचे. नाशिककडून घाट उतरताना मोठ्या वळणाच्या अलीकडे मागून बाईच्या गळ्यानं कुणीतरी रडतं, आणि वळून पाहावं तर रस्ता मोकळा. नवा ड्रायव्हर आला की चहाबरोबर ही गोष्ट त्याला फुकट मिळायची. कोणी त्या वळणावर लिंबू ठेवायचं, कोणी उदबत्ती लावून पुढं जायचं. मी भाजीची पिशवी घेऊन स्टँडवरून निघाले की सगळे गप्प व्हायचे. कारण ती गाडी आमची होती आणि त्या गाडीत माझा नवरा गेला होता.

आम्ही मूळचे बीडकडचे. लग्नानंतर हे पिंपरीत एका कारखान्यात लागले, पण भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं हे ह्यांच्या स्वभावात बसेना. एक दिवस नोकरी सोडून जुनी टॅक्सी घेऊन आले. मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. गाडीवर मात्र ह्यांचा असा जीव, की सवत परवडली असती असं मी शेजारणींना म्हणायचे. गाडी चाळीच्या भिंतीला लागून उभी असायची. पहाटे निघण्याआधी हे ब्रेकचं पायडल दाबून बघत, सोडत, परत दाबत. त्याची बारीक कुंई कुंई भिंतीतून आत यायची आणि मी कूस बदलून झोपायचे.

गाडीचं सगळं काम एकाच मिस्त्रींकडे. ते चिंचवडचेच, मुसलमान, ह्यांच्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठे. आकुर्डीच्या पुढं हायवेला त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये जमिनीत खणलेला लांबट खड्डा. गाडी खड्ड्यावर आणून उभी करायची आणि मिस्त्रींनी खाली उतरून काम करायचं. ब्रेकचं काम झालं की त्यांची एक रीत होती. मालकानं स्वतः गाडीत बसून पायडल दाबायचं आणि मिस्त्रींनी खालून बघायचं. ‘दाबा’, ‘धरा’, ‘सोडा’ असा आवाज खड्ड्यातून यायचा. ऑइल कुठं झिरपलं नाही की मिस्त्रींचा काळा हात वर यायचा. मालकानं खाली उतरायचं आणि त्या हाताला धरून त्यांना वर ओढायचं. हात धरला म्हणजे काम पक्कं, दोघांच्या भरवशाचं. हे मला हौसेनं सांगायचे, आणि मला त्यात काय एवढं ते कळायचं नाही.

हे गेले त्या वर्षी गाडीचे पुढच्या चाकांना धरून ठेवणारे आर्म झिजले. जुन्या तऱ्हेचे आर्म बाजारात यायचे बंद झाले होते. नवे मिळाले ते जरा बदललेले, चाक किंचित बाहेर आणि खाली धरणारे. ब्रेकही संपलेच होते. कंपनीचे ब्रेक कुठं मिळेनात, म्हणून मिस्त्रींनी भोसरीत तयार होणारे बाजारी ब्रेक घातले, त्यांच्या रबरी पाइपांसकट. आटे नीट बसले. गाडी खड्ड्यावर चाकांवर उभी असताना दाबा, धरा, सोडा झालं. थेंबसुद्धा गळला नाही. हात वर आला आणि ह्यांनी तो ओढला. घरी आल्यावर म्हणाले, आता गाडी नवी नवरी झाली.

पुढं काही आठवड्यांनी मुंबईच्या लागोपाठ फेऱ्या करून हे मध्यरात्रीनंतर घरी आले. डोळे लाल झालेले. पहाटेच नाशिकची सवारी होती. मी म्हटलं, आज झोपा, सवारी दुसऱ्याला द्या. हसले आणि गेले. पहाटे कुंई कुंई वाजलं तेव्हा मी रागानं डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं होतं.

सवारी सोडून रिकामे परत येत होते. भर दुपारी खेडच्या घाटात गाडी कठड्यावरून खाली गेली. पुढचा भाग इतका चेपला होता, की कशाचं काय तुटलं हे बघण्यासारखं उरलंच नव्हतं. पोलिसांनी विचारलं, झोप झाली होती का? मीच सांगितलं की नव्हती. मग काय, डुलकी लागली असं ठरलं. सासरचे, चाळीतले, स्टँडवरचे, सगळे तेच म्हणाले आणि मीही तेच धरून बसले. घाटाच्या पायथ्याला चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं मात्र वेगळंच सांगितलं. म्हणाला, ‘गाडी वरून रडत रडत आली वो, बाई रडती तशी.’ त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. भुताच्या गोष्टीला तेवढं पुरलं.

मी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला लागले. मुलगी लहान होती. ती विचारायची, बाबा झोपले म्हणून गेले ना? मी हो म्हणायचे. दुःखापेक्षा मला रागच जास्त होता, हे खरं. एवढं सांगितलं होतं, तरी ऐकलं नाही. पहाटे भिंतीपलीकडे काही नसायचं, तरी पायडलची कुंई कुंई मला ऐकू यायची. मी उठून बसायचे. मग फोटोकडे बघून म्हणायचे, झोपा आता. तेव्हा नाही झोपलात, आता झोपा निवांत. ते बोलताना माझ्या आवाजाला काय धार असायची ते माझं मला माहीत. मुलीला घेऊन एकदा एसटीनं नारायणगावला जायची वेळ आली. परतताना घाट लागला तेव्हा मी दोन्ही कान झाकून घेतले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

मिस्त्री आमच्याकडे यायचे. दारातच उभे राहून मुलीची चौकशी करायचे आणि जायचे. त्यांनी ‘डुलकी’ हा शब्द कधी उच्चारला नाही, एवढं मी नंतर आठवून पाहिलं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते एका रविवारी आले. तोंड उतरलेलं होतं. म्हणाले, ‘भाभी, शेडवर या. एक चीज दाखवायचीय.’

शेडमधला खड्डा पाण्यानं भरला होता. त्यामुळं एक टॅक्सी जॅकवर उचलून ठेवली होती, पुढची चाकं अधांतरी लोंबकळत होती. आमच्या गाडीसारखीच गाडी, तेच बदललेले आर्म, तेच भोसरीचे ब्रेक. मिस्त्रींनी मला चाकाजवळ बसवलं आणि ब्रेकचा रबरी पाइप दाखवला. चाकापर्यंत ऑइल नेणारा, करंगळीएवढा जाड. मग आत बसून त्यांनी स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं. चाक वळलं आणि तो पाइप वाळत घालायच्या दोरीसारखा ताणला गेला. कडेनं टायरला घासतही होता. तिथं रबर सोललेलं होतं.

ते खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. म्हणाले, हा पाइप जुन्या आर्मच्या मापाचा, नव्याला आखूड पडतो. गाडी खड्ड्यावर उभी असली की चाक वर दाबलेलं असतं, पाइप ढिला दिसतो. आयुष्यभर मी सरळ उभ्या चाकाखालीच बघत आलो. चाक लोंबकळतं ठेवून आणि वळवून कधी बघितलंच नाही. पाण्यानं खड्डा भरला नसता तर आजही बघितलं नसतं. तुमच्या गाडीत तो पाइप प्रत्येक वळणाला थोडा थोडा सोलला गेला असणार. घाटात पूर्ण वळण आलं, चाक खळग्यात उतरलं आणि पाइप फाटला. त्या गाड्यांना एक पाइप गेला की चारही चाकांचे ब्रेक जात, आणि हॅन्डब्रेक तर नावालाच असायचा.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘त्यांना झोप नव्हती लागली, भाभी.’

मी विचारलं, ‘मग ते रडणं?’

मिस्त्री उठले. दुसरी एक गाडी बाहेर काढली, मला मागं बसवलं आणि देहूरोडकडे निघाले. उतार आला तसा त्यांनी वेग वाढू दिला आणि एकदम गियर खाली टाकला. इंजिन किंचाळलं. बारीक, उंच, थांबता न थांबणारं, अगदी बाईच्या गळ्याचं. एसटीत बसून ज्याच्यासाठी कान झाकले होते ते हेच होतं. मिस्त्री म्हणाले, ब्रेक गेले की ड्रायव्हरच्या हातात एवढंच उरतं. इंजिनाच्या जोरावर गाडी धरायची. टपरीपर्यंत आवाज पोचला म्हणजे त्यांनी बराच वेळ धरून ठेवली होती.

परत शेडवर आलो तेव्हा ते म्हणाले, पोलिसात जायचं तर मी येतो. मला त्यांचा राग आला होता, फार आला होता. त्याच खड्ड्यातून वर आलेला हात ह्यांनी किती भरवशानं ओढला होता. मी म्हटलं, ‘पोलिसांचं राहू द्या. स्टँडवर चला.’

ते आले. सगळे ड्रायव्हर चहा पीत होते. पाइपचा सोललेला तुकडा हातात धरून मिस्त्रींनी सगळं सांगितलं, बसवणारा मीच होतो हेही. ड्रायव्हरांनी कप खाली ठेवले. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या ड्रायव्हरनं एवढंच विचारलं, ‘म्हंजी जागाच व्हता?’ मिस्त्री म्हणाले, ‘शेवटपर्यंत.’ पुढं त्यांचं गिऱ्हाईक बरंच तुटलं. जे राहिले त्यांच्या गाड्यांची चाकं ते उचलून, वळवून बघायचे.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग बाहेर जाऊन मैत्रिणींना सांगून आली, माझे बाबा झोपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे पुन्हा कुंई कुंई वाजलं. मी उठून बसले. फोटोसमोर नेहमीचं वाक्य तोंडात आलं आणि अडकलं. इतकी वर्षं जागा असलेला माणूस समोर होता. मी पदरानं फोटोची काच पुसली आणि हळूच म्हटलं, झोपा आता.