दाजींचा एक नंबर

आमच्या थोरल्या साडूंना या जगात वाईट अशी एकही गोष्ट आजवर भेटलेली नाही. माणूस पासष्टीला आला. द्राक्षाच्या बागेवर गारा झेलल्या, तीन सरपंच झेलले, माझ्यासारखा धाकटा साडू झेलला, पण ‘कसं काय दाजी?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एक नंबर!’ नारायणगावच्या पुढे त्यांची वाडी आहे आणि त्या भागात ‘एक नंबर’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शर्यतीत बैलगाडा पहिला आला की तो एक नंबर, मिसळ झणझणीत असली की ती एक नंबर, सून गुणाची मिळाली की तीही एक नंबर. फरक इतकाच, की बाकीचे लोक चांगल्याला एक नंबर म्हणतात आणि दाजी सगळ्यालाच म्हणतात. एकदा एका लग्नात आचारी आमटीत मीठ घालायचंच विसरला होता. मी पानावरून उठून आचाऱ्याला गाठायच्या बेतात होतो, तर दाजी वाढप्याला म्हणाले, ‘‘आमटी एक नंबर झालीया भाऊ. जरा मीठ आना, म्हंजे तिला सोबत हुईल.’’ बिबट्याने खुराड्यातली कोंबडी नेली तेव्हा यांचं म्हणणं, ‘‘लई शिस्तीचा गडी. एकच नेली.’’ दाताच्या डॉक्टरने दुखऱ्या दाताऐवजी शेजारचा चांगला दात उपटला, त्या दिवशी तर मी रीतसर भांडायला निघालो होतो. दाजी सुजलेला गाल धरून म्हणाले, ‘‘न्हाई पावणं, हात एक नंबर हाये त्याचा. चुकीचा दात इतका झ्याक काढतो, तर बरोबरचा कसा काढंल!’’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरकडे जाऊन तो बरोबरचाही काढून आले.

मी पडलो याच्या अगदी उलट. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस आहे. तक्रार कशी लिहावी, तिला किती जोडपत्रं लावावीत, खाली प्रती कुणाकुणाला टाकाव्यात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हॉटेलात चहा गार आला तर मी मालकाला बोलावतो. दाजी तोच चहा पितात आणि वर ‘सरबत’ म्हणून त्याचं कौतुक करतात. आम्हा दोघांना सख्ख्या बहिणी दिल्या आहेत, यापलीकडे आमच्यात काही साम्य नाही.

तर अशा या माणसाने गेल्या वर्षी पुण्याला जाऊन एक भलीमोठी परदेशी गाडी घेतली. वाडीत सगळ्यांना वाटलं, द्राक्षं यंदा परदेशात गेली त्याचा हा तोरा. खरं कारण आक्का होत्या. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दाजींची मंडळी. त्यांच्या मणक्यात गॅप पडला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहीही करा, पण धक्का बसता कामा नये. आणि आक्कांचं माहेर कुठे, तर जुन्नरच्याही वर, घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीवर. तिथे आमचे सासरे राहतात. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पंच्याऐंशीच्या पुढचे मामा खाली यायला तयार नाहीत. ‘‘खाली आलो की मला गुदमारतंय,’’ म्हणतात. फोन लावावा तर तिकडे रेंज मिळते ती फक्त एका खडकावर, आणि मामांचे गुडघे आता खडक चढत नाहीत. आक्का एकदा एसटीने, एकदा जीपने आणि एकदा दाजींच्या जुन्या गाडीने निघाल्या आणि तिन्ही वेळा कळ सहन न होऊन जुन्नरहूनच माघारी आल्या. दोन वर्षं बापलेकीची भेट नव्हती. शोरूममधल्या माणसाने दाजींना सांगितलं, की या गाडीच्या मागच्या सीटवर पेल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळत नाही. दाजींनी दुसरं काहीच विचारलं नाही.

गाडी मिळायच्या दिवशी शोरूममध्ये गाडीवर लाल मखमल टाकली होती, केक होता, फुगे होते. दाजींनी केक सगळ्यांना आपल्या हाताने भरवला, अगदी दारावरच्या वॉचमनलाही. आणि येताना चाकणच्या पहिल्याच गतिरोधकावर मागच्या डाव्या बाजूने आवाज आला, खट्. पुढच्या खड्ड्याला पुन्हा खट्. नुसता आवाज असता तर मी समजू शकलो असतो, पण प्रत्येक ‘खट्’ला मागच्या सीटला खालून एक हिसका बसत होता आणि आक्का बरोबर त्याच सीटवर बसल्या होत्या. घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तशाही अवस्थेत त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांना पेढे दिले आणि मग चार दिवस पाठ टेकून पडून राहिल्या. शेजारचे पाटील म्हणाले, ‘‘तुमी गाडीला लिंबू न्हाई बांधलं, म्हनून खडखडती.’’ दाजी म्हणाले, ‘‘लिंबू बांधून नटबोल्ट आवळत न्हाईत भाऊ,’’ आणि गाडी घेऊन पुण्याला निघाले.

त्यानंतरच्या चार महिन्यांत दाजी किती वेळा पुण्याला गेले, याची मोजदाद मी सोडून दिली. सर्व्हिस सेंटरवाले गाडी ठेवून घ्यायचे, आठवडाभर फोन उचलायचे नाहीत आणि मग एक कागद हातात द्यायचे. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, ‘तक्रार: आवाज. कार्यवाही: गाडी धुतली.’ दुसऱ्यावर, ‘तक्रार: आवाज. कार्यवाही: गाडी धुऊन पॉलिश केली.’ खट् होता तिथेच राहिला, पण गाडी अशी लखलखायला लागली की तिच्यात बघून कुणीही भांग पाडावा. तिथे टाय लावलेले एक साहेब होते. त्यांनी सांगितलं की एक पार्ट बदलावा लागेल, तो परदेशातून बोटीने येतोय. झालं! दाजी रोज टीव्हीवर हवामानाच्या बातम्या बघू लागले. ‘‘समुद्रात वादळ हाये म्हनं,’’ मला काळजीने फोन करायचे, ‘‘आपला पार्ट बोटीत हाये.’’ जाताना मासवडीचा डबा घेऊन जायचे आणि तिथल्या गारेगार हॉलमध्ये दिवसभर बसून मेकॅनिकांपासून टायवाल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना वाढायचे. मी इकडून पाच ईमेल लिहिले, सहा जोडपत्रांसह. पाचही वेळा उत्तर आलं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

एकदा मात्र चमत्कार झाला. दाजी गाडी घेऊन आले आणि खट् गायब! आक्का मागे बसल्या, मंचरपर्यंत जाऊन आल्या, दाजींकडे बघून हसल्या आणि घरी येऊन त्यांनी पिशवी भरायला घेतली. मामांसाठी स्वेटर, कुरड्या, गुडघ्याला चोळायचं तेल. उद्या सकाळी निघायचं ठरलं. संध्याकाळी फोन आला. टायवाले साहेब विचारत होते, ‘‘सर, आपण चुकून दुसऱ्या कस्टमरची गाडी घेऊन गेलात का?’’ रंग तोच, मॉडेल तेच, आणि किल्ली त्यांनीच दिलेली. नंबरप्लेट बघायची असते हे दाजींना सुचलं नाही. बैल अंधारातही अंगावर हात फिरवून ओळखणारा हा माणूस गाडीच्या बाबतीत साफ फसला. सकाळी ते ती गाडी परत करून आपली खटखटणारी गाडी घेऊन आले. आक्कांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून पुन्हा फडताळात ठेवली. त्या दिवशी दाजी दुपारी जेवले नाहीत. त्यांना न जेवता मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं आणि माझं रक्त उसळलं. म्हटलं, आता बस झालं.

मी बाह्या सरसावून बायकोसह दाजींच्या घरी मुक्कामालाच जाऊन राहिलो. गाडी पुन्हा एकदा तीन आठवडे ठेवून, धुऊन परत आली होती. बागेत छाटणी चालली होती. दाजी वेलीखाली उभे, हातात कात्री, आणि खिशातला फोन वाजला. स्पीकर लावला तर सर्व्हिस सेंटरच्या एक ताई गोड आवाजात विचारत होत्या, ‘‘सर, आमच्या सेवेला एक ते दहामध्ये किती नंबर द्याल?’’

मी दोन्ही हातांनी शून्याची खूण केली. दाजींनी फोनवर तळवा ठेवला. ‘‘पावणं, लेकरू हाये कुनाचं तरी. दिसभर लोकांच्या शिव्या खात आसंल.’’ आणि तळवा काढून मोकळ्या मनाने म्हणाले, ‘‘एक नंबर!’’

‘‘सर, नक्की एक नंबर?’’

‘‘नक्की म्हंजे? लई बगितले, पर तुमच्यासारखं न्हाई कुनी. एक नंबर!’’

‘‘आणि आमच्या सर्व्हिस ॲडव्हायजरना, सर?’’

‘‘ते टायवालं सायेब का? ते तर लईच एक नंबर.’’

‘‘सर, काही खास कारण सांगाल?’’

‘‘त्यात कारन काय ताई? जे हाये ते हाये. तुमच्या मोठ्या सायबांना बी कळवा माजं नाव घेऊन.’’

मी डोकं धरून बांधावर बसलो. हा माणूस आता गाडीला कायमचा मुकणार, आक्का मामांना मुकणार, आणि वर त्या लोकांना बढत्या मिळणार, असं माझं पक्कं मत झालं. त्या दिवशी मी दाजींशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वाडीत दोन गाड्या शिरल्या आणि त्यांच्यामागे गाडी उचलून न्यायचा एक ट्रक. पहिल्या गाडीतून सर्व्हिस मॅनेजर उतरले, त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता. मागून टायवाले साहेब उतरले, त्यांचा टाय वाकडा झाला होता. त्यांच्याही मागून एक पोक्त मिस्त्री आपली हत्यारांची पेटी घेऊन उतरले. मुख्य कचेरीतून म्हणे आदल्या दिवसापासून फोन थांबत नव्हते. दहापैकी एक! आणि वर ग्राहक स्वतः म्हणतोय, की मोठ्या साहेबांना माझं नाव घेऊन कळवा! त्यांच्या इतिहासात अशी कडक तक्रार कुणी केली नव्हती. सगळा घोळ माझ्या ध्यानात आला आणि मी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून गप्प बसलो. दाजींना वाटलं, आपण कौतुक केलं म्हणून ही माणसं आभार मानायला आली आहेत. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, पाठोपाठ मासवडीही आली.

मिस्त्रींनी पेटी खाली ठेवली, एकटेच गाडी घेऊन रस्त्याने एक फेरी मारून आले, गाडीखाली सरकले आणि दहा मिनिटांत बाहेर आले. मागच्या डाव्या बाजूचा एक बोल्ट पहिल्यापासून आवळलेलाच नव्हता. बोटीतला पार्ट वगैरे काही नव्हतं. माझी बायको म्हणाली, ‘‘एवढंच होतं?’’ आणि टायवाले साहेब आपला वाकडा टाय सरळ करायला लागले.

निघताना मॅनेजर हात जोडून म्हणाले, ‘‘सर, पुन्हा फोन येईल. या वेळी कृपा करून दहा द्या.’’

‘‘धा?’’ दाजी दुखावले. ‘‘आसं कसं? धाव्या नंबराला आमच्या शर्यतीत बक्षीससुदिक न्हाई. मी तुमाला एक नंबरच देनार.’’

मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक पडला. बोल्ट आवळला गेला होता, म्हणून मग मी दाजींना बाजूला घेऊन एक ते दहाचा सगळा हिशोब समजावला. ते ऐकता ऐकता माणूस खाली बसला. ‘‘म्हंजे मी या टायवाल्या मान्साला समद्यांच्या म्होरं नापास केलं? त्यानं माज्या घरी जेवन केलंया!’’ मी म्हटलं, त्याने तुम्हाला चार महिने बोटीच्या गोष्टी सांगितल्या. पण ते माझं कुठे ऐकतात? त्यांनी तिथल्या तिथे मुख्य कचेरीला फोन लावायला लावला आणि ‘‘धा! धा! समद्यांना धा!’’ असं इतक्या मोठ्याने सांगितलं, की बागेतल्या बायकांची छाटणी थांबली.

दोन दिवसांनी आम्ही घाटघरच्या वाटेला लागलो. पुढे दाजी आणि मी, मागे दोघी बहिणी. भात काढणीचे दिवस होते. जुन्नर गेलं, चढ लागला, रस्ता होता तसाच उखडलेला, पण मागून एकदाही आवाज आला नाही. मामा दारातच उभे होते. आक्कांना घरात जमिनीवर बसता येईना, खुर्चीत पाठ अवघडायला लागली, तेव्हा त्या पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. मामा थोडा वेळ बाहेर उभे राहिले, मग शेतातल्या चिखलाच्या पायांनी आत शिरून लेकीशेजारी बसले. दोघं तिथेच बोलली, तिथेच जेवली. मी म्हणणार होतो की सीटवर पंचा तरी अंथरू. दाजींनी माझा दंड दाबला. ‘‘बसू द्या,’’ म्हणाले.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तरी मामा उतरेनात. ‘‘शिवंपतूर येतो पोचवाया,’’ म्हणाले. लेकीला गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं ही तिकडची रीतच आहे. शीव आली, तर म्हणाले, ‘‘म्होरच्या वळनाला उतरतो.’’ वळण आलं. मामा आक्कांचा हात हातात घेऊन बाहेर बघत राहिले. दाजींनी काही न विचारता गाडी वळवली आणि मामांना परत घरी आणलं. आणि घरापाशी आल्यावर मामा पुन्हा म्हणाले, ‘‘आता शिवंपतूर येतो.’’ असं तीन वेळा झालं. एरवी मी घड्याळ दाखवलं असतं. त्या दिवशी मी ते बाहीखाली सरकवलं. चौथ्या वेळी शिवेवर मामा आपणहून उतरले, दार त्यांना लावता येईना म्हणून ते उघडंच ठेवून चालू लागले. दाजी खाली उतरले आणि दार लावून मामा दिसेनासे होईपर्यंत उभे राहिले.

या पावसाळ्यात मामा गेले. त्यांच्या जलदानविधीला वर जाताना आम्ही त्याच गाडीने गेलो. येताना शीव आली तशी दाजींनी गाडी थांबवली. कुणी उतरणार नव्हतं, कुणी चढणार नव्हतं. थोड्या वेळाने दाजींनी गाडी हळूच पुढे घेतली.