वजा चिन्हाशेजारची जागा

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितलं, "आमचा मुलगा पुस्तकातल्या चुका काढतो." ते स्वतः तिसरीनंतर शाळेत गेले नव्हते. घरातला पहिला पदवीधर मी, बी.एस्सी., आणि तोही गणिताचा. तालुक्याच्या शाळेतल्या ज्या सरांनी मला सुट्टीतही फळ्यासमोर उभं केलं, त्यांच्यामुळे मी तिथवर पोचलो होतो. हे मी कधी विसरलो नाही. त्यामुळेच पुढचं लिहायला जड जातं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. शिशाच्या खिळ्यांची छपाई मागे पडत होती आणि आमच्याकडे फोटोटाइपसेटिंगचं यंत्र आलं होतं. कीबोर्डवर मजकूर टाइप करायचा. यंत्र अक्षरांच्या फिल्मपट्टीतून प्रकाश सोडून तो ब्रोमाइडच्या चकचकीत कागदावर उमटवायचं. मग तो कागद कापून पानावर चिकटवायचा आणि त्या पानाचा फोटो काढून छपाईची प्लेट करायची. कॉलेजच्या बीजगणिताचं एक जाडजूड पुस्तक हे आमचं पहिलं मोठं काम. ते संपेपर्यंत उमेदवारी, आणि नंतर पान पास करणाऱ्याची एकच कायमची जागा. त्या जागेसाठी आम्ही दोघं होतो, मी आणि काका.

काका बोनकोड्याचे. शिक्षण सातवी. मुंबईच्या एका छापखान्यात वीस वर्षं खिळे जुळवून आलेले. सायकलवरून यायचे. डबा उघडला की सुकटीच्या वासाने ऑपरेटर बाई खिडकी उघडायच्या आणि काका म्हणायचे, "बाई, वास घ्या फुकट, तुकडा मागू नका." मला ते 'मास्तर' म्हणायचे. सुरुवातीला मला ते आवडायचं.

मग तो ग्रीक अक्षरांचा घोळ झाला. समीकरणांत अल्फा, बीटा आले की पुढचं चिन्ह लांब जाऊन बसायचं, ओळ दात पडल्यासारखी दिसायची. मी दोन दिवस टाइप केलेल्या खुणा तपासत होतो. कुठे कंस राहिलाय का, कुठे घातांक वर न्यायची खूण चुकलीय का. वहीची सात पानं भरली. तिसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले, ब्रोमाइड उचललं आणि उलटं धरलं. डोकं खाली, पाय वर.

"मास्तर, वाचू नका. वाचलं की जागा दिसत नाय." त्यांनी बोट फिरवलं. "ही वाकडी अक्षरं हायत ना, त्यांच्याच पुढं फट पडते. बाकी कुठं नाय."

खिळे जुळवताना जुळाऱ्याला ओळ उलटीच दिसते. वीस वर्षांत त्यांचा डोळा तसाच झाला होता. ऑपरेटर बाईंनी यंत्र उघडलं. ग्रीक अक्षरांची पट्टी बसवलेली होती, पण अक्षरांच्या रुंदीचं कार्ड मराठीचंच राहिलं होतं. बारीक अक्षरालाही यंत्र मराठी अक्षराएवढी जागा सोडत होतं. कार्ड बदललं आणि पाच मिनिटांत ओळ सरळ झाली.

"काय हो बीएस्सी," मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन दिवस कंस मोजत बसलात? काकांनी चहा गार व्हायच्या आत काढलं."

सगळे हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी वाशीच्या खोलीवर मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो. मला फक्त उलटं वर्तमानपत्र दिसलं. खोलीतला सोबती म्हणाला, "काय रे, टेन्शनमध्ये आहेस का?"

त्यानंतर काकांचं काहीही मला सहन होईना. त्यांचं कटरने केसाएवढी पट्टी कापणं, जिभेच्या टोकाने बोट ओलं करून ती उचलणं, मालकांनी आता थेट त्यांच्याच टेबलाशी जाऊन उभं राहणं. मनात यायचं, माझ्या वडिलांनी मला शिकवायला स्वतःची हयात घालवली आणि इथे सातवीचा माणूस पान उलटं करून जिंकतो. हा विचार हलका होता हे मला तेव्हाही कळत होतं, तरी तो जात नव्हता.

एका सकाळी काकांनी चाळीस पानांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "जागा सगळ्या सारख्या केल्यात. गनित तुमचं, नजर टाका."

पहिल्याच पानावर मला दिसलं. काकांनी प्रत्येक वजा चिन्हाच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी जागा सोडली होती. वजाबाकीत ते बरोबर आहे. पण 'उणे तीन'मधलं वजा हे त्या तिनाचंच असतं, त्याला चिकटून बसतं. मध्ये फट पडली की वाचणारा अडखळतो, आधीचं काही छापायचं राहिलं की काय असं त्याला वाटतं. काकांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. इतक्या निगुतीने केलेली ती चूक होती की माझा हात थांबला. माझी खुणा करायची फिकट निळी पेन्सिल त्या वजापाशी टेकली.

माझं काम आकडे आणि शब्द तपासण्याचं होतं. जागा काकांच्या. हे मी स्वतःला पानापानाला सांगितलं आणि चाळीस पानांच्या कोपऱ्यात सही केली.

आठ दिवसांनी त्या गठ्ठ्याची लेखकाकडे पाठवलेली झेरॉक्स परत आली. लेखक प्राध्यापकांनी लाल वर्तुळांनी पानं भरून टाकली होती. मालकांनी काकांना उभं केलं. "जागेचे राजे ना तुम्ही? हे काय?"

काका पानांकडे बघत राहिले. "वजा दोन जातीचा असतो ते मला ठाऊक नव्हतं, साहेब." मला पानं दाखवल्याचं ते बोलले नाहीत.

मालक माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? सही आहे तुमची."

"घाईत सुटलं," मी म्हणालो.

"गणिताचा पदवीधर, आणि वजा सुटला?"

दुपारी मी काकांना समजावायला बसलो. वहीत नियम लिहायला घेतले. दुसरा नियम लिहीत होतो तेवढ्यात त्यांनी एक पान उलटं केलं. "म्हंजे याच्या आधी आकडा नायतर अक्षर असलं, तर दोन्हीकडं जागा. आधी कंस उघडलेला, नायतर बरोबरचं चिन्ह असलं, तर हा पुढच्याला चिकटला. असंच ना?"

असंच होतं. मी वही मिटली. दीड दिवसात त्यांनी चाळीसच्या चाळीस पानं दुरुस्त केली. मी शेजारी बसून पट्ट्या देत होतो आणि तेव्हाही जळत होतो.

पुस्तक गेल्यावर मालकांनी जागा काकांना दिली. मलाही कायम केलं, पण वाचनाच्या टेबलावर, काकांच्या हाताखाली. वडिलांना मी पत्रात लिहिलं की नोकरी पक्की झाली. ते खोटं नव्हतं.

आवराआवर करताना काकांनी मला जवळ बोलावलं. त्या गठ्ठ्यातलं पहिलं पान त्यांच्या हातात होतं, नेहमीसारखं उलटं. वजाच्या शेजारी एक बारीक निळा ठिपका होता, पेन्सिल टेकून थांबली की पडतो तसा.

"सुटलं नव्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी खोडरबर शोधू लागलो.

"राहू द्या मास्तर," काका म्हणाले, "निळ्याचा फोटो येत नाय." आणि पान गठ्ठ्यात ठेवून त्यांनी सुतळी बांधली.