मुदत संपलेले कोडे

सन चोपन्न, मार्गशीर्षातला सोमवार, ब्रह्मपुरीचा दवाखाना. हजर: मी, मामंजी आणि बाकावरचे एक अनोळखी गृहस्थ. आत माझ्या यजमानांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन चालू होते. कुरखेड्याहून आणायला उशीर झाला, असे डॉक्टर म्हणाले होते. औषधे, कपडे, दूध, सगळे मी यादीप्रमाणे उरकले होते. आता करण्यासारखे काही उरले नव्हते; मी नुसती दाराकडे पाहत बसले होते.

गृहस्थांनी कानावरची पेन्सिल काढली आणि शब्दकोडे वर येईल अशी वर्तमानपत्राची घडी माझ्याकडे सरकवली.

"बाई, थोडी मदत करा. 'घरात ही असली की चैन नाही.' शेवटचं अक्षर ई. 'घाई' का 'बाई'?"

"घाई," मी म्हणाले.

"मी 'बाई' लिवली होती. तुमच्यासमोर खोडून राह्यलो."

मामंजीसुद्धा हसले. मग आम्ही एकेक शब्द भरत गेलो. प्रत्येक वेळी ते पेन्सिल ओठाला लावून थांबत आणि मलाच आधी बोलू देत. कोडे पुरे झाल्यावर मी सवयीने खालचे नियम वाचले. प्रवेशिका पाठवायची मुदत कधीच संपली होती.

"भाऊ, हे आता पाठवून उपयोग नाही."

"मले माहीत हाय. पेपर जुनाच हाय. पण नुसतं दाराकडं पाहत बसलं त जीव जाते ना, बाई."

तेवढ्यात नर्सने दार उघडले. यजमान शुद्धीवर येत होते. मी आणि मामंजी आत धावलो. बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

यजमान खडखडीत बरे झाले. त्या गृहस्थांचे उपकार मी विसरलेले नाही. त्यांचे आत कोण होते, एवढे विचारायचे मात्र अजून राहिले आहे.