आवाज आल्याशिवाय उठायचं नाही

आईच्या फोनवर ‘अपडेट करा’ अशी पाटी आली आणि मी, न विचारता, तिच्यावर बोट ठेवलं. रविवार होता. फलटणजवळच्या आमच्या गावाहून साताऱ्याला परत निघायच्या गडबडीत होतो. फोन बंद होऊन चालू झाला, घड्याळ पहिल्यापेक्षा मोठं दिसायला लागलं. आई म्हणाली, “लय झ्याक.” मी छाती फुगवून गाडीत बसलो.

संध्याकाळी घरी आईचा फोन आला आणि पलीकडे सगळी शांतता. “आई, ऐकू येतंय का? हॅलो!” मी बराच वेळ ओरडलो. शेवटी बायको म्हणाली, “नको तिथं बोट घालायची सवय कधी जाणार तुमची?” मी फोन ठेवला.

आबा गेल्यापासून आई गावी एकटी. संध्याकाळच्या त्या फोनवर दिवसभराचं सगळं सांगून झालं, की मगच ती ताट वाढून घेते. शेजारच्या वहिनींच्या फोनवरून खुशाली कळत होती. पण उसन्या फोनवर आई मोकळं बोलत नाही. जेवणही नीट जात नाही, असं वहिनीच हळूच म्हणाल्या.

मी जाऊन फोन साताऱ्याला आणला. मोबाइलच्या दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला. “काका, सेटला काही झालेलं नाही. सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, तिथं विचारा.” तिथं विचारलं, तर उत्तर मिळालं, “आमचं सॉफ्टवेअर ठीक आहे, माईक सेटवाल्यांचा.”

हे मी लहानपणी विहिरीवर ऐकलेलं होतं. आमचं इंजिन एका कंपनीचं, पंप दुसऱ्या कंपनीचा. ऐन उन्हाळ्यात पाणी थांबलं. फलटणचा इंजिनवाला मिस्त्री म्हणे, पंप बाद आहे. सांगलीकडचा पंपवाला म्हणे, इंजिनात दम नाही. दोघं आळीपाळीनं यायचे, एकमेकांना नावं ठेवून जायचे, आणि ऊस वाळत चाललेला. आबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी एक दिवस दोघांनाही एकाच वेळी बोलावलं, विहिरीच्या कठड्यावर बसवलं आणि सांगितलं, “पाटात पानी पडल्याबिगर कुनी उठायचं न्हाई!” आई चहा घेऊन आली, मग भाकरी, मग पुन्हा चहा. उन्हं कलली तसे दोघं इंजिन आणि पंप जोडणाऱ्या एकाच पट्ट्यावर वाकले. थोड्या वेळानं पाटात पाणी आलं. चूक कुणाची, ते काही शेवटपर्यंत ठरलं नाही. मी मात्र पाटात पाय सोडून बसलो होतो, आणि आबांसारखा माणूस जगात नाही असं मला वाटत होतं.

तर मी ठरवलं, आपणही तेच करायचं. दुकानात गेलो, खुर्ची ओढली, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावून स्पीकर चालू केला आणि आबांच्या आवाजात म्हणालो, “आता आवाज आल्याशिवाय कुणी उठायचं नाही!”

पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, तुमचा आवाज येत नाहीये,” आणि फोन कट.

तक्रार ज्या फोनची, त्याच फोनवरून मी बोलत होतो. दुकानदार हसता हसता काउंटरखाली वाकला. मी उठलो.

शनिवारी कपाटातून आबांचा बटणांचा फोन काढला, आईचं सिम त्यात टाकलं आणि गावी देऊन आलो. संध्याकाळी घरी फोन वाजला.

“आरं, त्या दिशी मला समदं ऐकू येत हुतं! म्या बोलतीया, बोलतीया, आन् तू आपला हॅलो हॅलो. सूनबाई तुला काय बोलली, त्ये बी ऐकलं. बराबर बोलली!” मग म्हैस, लिंबाचं लोणचं, वहिनींची नवी सून, साठलेलं सगळं आलं. मी दुकानातली फजिती सांगितली. आई खूप हसली. म्हणाली, “तुज्या बाचं त्या दोगांनी कुटं ऐकलं हुतं? दोनदा उटलं हुतं जायाला. म्या भाकरी म्होरं केली म्हनून बसलं.” आणि एकदम, “ठिवते आता. भूक लागलीया.”

बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, “तुम्ही त्या दुकानदाराला चहा तरी सांगितला होतात का?”